"तुम्ही कुठे आहात?" : आयोवातल्या एका काउंटीत ९११ चे फोन घेताना

रानजाई

"९११, तुम्ही कुठे आहात?"

९११ हा अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर. फोन उचलला की माझ्या तोंडून पहिलं हेच येतं. काय झालंय, कोण बोलतंय, किती लागलंय, ते सगळं मागाहून. नऊ वर्षं हे काम करते आहे, आणि अजूनही पलीकडचा माणूस बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो म्हणतो, "नवरा पडलाय", "शेड पेटलीय", "लवकर या". साहजिकच आहे. जिवावर बेतलं की माणसाला 'काय' दिसतं, 'कुठे' दिसत नाही. पण लाइन मधेच तुटली आणि मला नुसतं 'कुठे' ठाऊक असेल तर मी गाडी पाठवू शकते. नुसतं 'काय' ठाऊक असेल तर हातात काहीच उरत नाही.

मी मूळची पाटण तालुक्यातली. आमच्या घराचा पत्ता म्हणजे मु. पो., तालुका, जिल्हा, बस्स. पुढचं पोस्टमनला पाठ. लग्नानंतर इथे आयोवात आले. नवरा गावातल्या २५ खाटांच्या हॉस्पिटलात डॉक्टर. नागरिकत्व मिळालं त्या वर्षी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसात डिस्पॅचरची (फोन घेऊन गाड्या पाठवणाऱ्याची) जागा निघाली आणि मी अर्ज केला. ४० तासांचं मूलभूत प्रशिक्षण, मग काही महिने जुन्या डिस्पॅचरच्या शेजारी दुसरा हेडसेट लावून नुसतं ऐकणं, आणि मग एका रात्री मी एकटी.

एकटी म्हणजे खरोखर एकटी. आमची काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, साधारण २४ मैल लांब, २४ मैल रुंद. रात्री खुर्चीत एक जण, रस्त्यावर दोन डेप्युटी, म्हणजे शेरीफचे पोलीस. शहरात फोन घेणारा वेगळा, रेडिओवर बोलणारा वेगळा. इथे फोन मीच घेते, गाडी मीच पाठवते, डेप्युटीने गाडी थांबवली तर नंबरप्लेट मीच तपासते, शेजारच्या तुरुंगाची दारं बटण दाबून मीच उघडते, आणि वादळाचा भोंगाही मीच वाजवते. हायवेवर कुणाच्या गाई आल्या तर त्या कुणाच्या, हेही मलाच माहीत असावं लागतं.

ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन दोन्ही स्वयंसेवकांचे. कुणी बँकेत, कुणी गॅरेजात, कुणी शाळेची बस चालवणारा. मी रेडिओवरून त्यांच्या पेजरचा टोन वाजवते. ते अंथरुणातून उठतात, आपापल्या गाडीने स्टेशनवर जातात, तिथून ॲम्ब्युलन्स काढतात. काउंटीच्या कडेच्या शेतावर पोचायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. त्या मधल्या वेळात त्या घरात तेथल्या माणसांखेरीज फक्त मी असते, तीही आवाजापुरती.

म्हणून माझ्या कामातली सगळ्यात मोठी विद्या म्हणजे रस्ते. इथली जमीन एकोणिसाव्या शतकात मैलामैलाच्या चौकोनांत मोजून वाटली गेली आणि रस्ते त्याच रेषांवर पडले. आमच्याकडे पूर्व-पश्चिम रस्ते म्हणजे स्ट्रीट, दर मैलाला आकडा दहाने वाढतो : २२०वी, २३०वी, २४०वी. उत्तर-दक्षिण त्या ॲव्हेन्यू. घराचा नंबर त्याच चौकोनांवरून ठरतो, म्हणजे नंबर ऐकला की घर कुठल्या मैलात आहे ते डोळ्यांसमोर येतं. पण हे आकडे बरेचसे ९११ साठीच आले आहेत. आधी इथेही "रूरल रूट २, बॉक्स अमुक" असं पोस्टापुरतं असायचं. सत्तरीच्या आजी अजून तसंच सांगतात : "अगं, त्या जुन्या क्रीमरीच्या पुढे." क्रीमरी म्हणजे लोणी काढायची डेअरी, ती पडून कैक वर्षं झाली. मी ती कधी पाहिली नाही, पण ती कुठे होती हे मला माहीत आहे. पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम गाडी काढून सगळे कच्चे रस्ते फिरले, कुठला पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो, कुठला रस्ता ओढ्याशी संपतो, ते वहीत लिहिलं. ती वही अजून टेबलावर आहे.

दोन फोन सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिला धान्याच्या बिनचा. बिन म्हणजे आपल्या कणगीचा दोन-तीन मजली लोखंडी अवतार. आत मका, तळाशी तो ओढून बाहेर काढणारा स्क्रू, त्याला ऑगर म्हणतात. मका ओला असला की वर घट्ट पापुद्रा धरतो आणि खाली पोकळी होते. तो फोडायला माणूस आत उतरतो. ऑगर चालू असेल तर काही सेकंदांत गुडघ्यापर्यंत जातो आणि मग कितीही ताकद लावली तरी पाय निघत नाही. त्या दिवशी फोनवर मुलगा होता, सोळा-सतरा वर्षांचा, वडील आत. पत्ता मिळाल्यावर मी विचारलं, "ऑगर बंद केलास का?" त्याने पळत जाऊन बंद केला. मग तो म्हणाला, "मी आत उतरतो." तिथे मला आवाज चढवावा लागला. बिनमध्ये एकामागून एक उतरून दोघंही गेल्याच्या घटना या राज्यात लोकांना माहीत आहेत. त्याला शिडीवर, दाराच्या तोंडाशीच थांबवलं आणि वडिलांशी बोलत राहायला सांगितलं. "काय बोलू?" म्हणाला. मी म्हटलं, "गाईंविषयी बोल." स्वयंसेवकांनी वडिलांभोवती पत्र्याच्या फळ्या रोवून आतला मका उपसला. काढायला तीन तास लागले. ते चालत बाहेर आले.

दुसरा आय-८० या हायवेवरचा. जानेवारी, संध्याकाळ, रस्त्यावर दिसत नाही असा बर्फाचा पातळ थर. गाडी घसरून खड्ड्यात गेलेली. फोनवर एक म्हातारे गृहस्थ, तुटक इंग्रजी, नुसतं "हायवे, हायवे". टॉवर मला फक्त मोठा पट्टा दाखवत होता, नेमकी जागा नाही. मी मैलाचा फलक विचारते आहे, त्यांना तो शब्द कळत नाही. तेवढ्यात त्यांनी कुणाला तरी बाजूला म्हटलं, "अगं, ही काय विचारतेय तेच कळेना."

मी म्हटलं, "काका, मराठीत बोला. मी ऐकतेय."

पलीकडे काही क्षण नुसता श्वास. मग ते रडायलाच लागले. त्यांना सावरू देण्याइतका वेळ नव्हता. मुलगा स्टिअरिंगवर डोकं टेकून, बोलत नव्हता, सून आणि नात मागे. मी विचारलं, "काका, गाडी कुठल्या दिशेला चालली होती?" त्यांना माहीत नव्हतं. हे फार महत्त्वाचं असतं. इथे दोन बाजूंच्या मधे रुंद गवताचा पट्टा, चुकीच्या बाजूने ॲम्ब्युलन्स गेली तर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन वळून यावं लागतं. मी म्हटलं, "बरं, सूर्य कुठे होता?"

"डोळ्यांत येत होता हो. म्हणून तर त्याला समोरचं नीट दिसलं नाही."

म्हणजे पश्चिमेला. "आणि शेवटचं काय दिसलं?" "डाव्या हाताला पवनचक्क्या." मला क्षणभर आमच्या पाटणचं, पवनचक्क्यांनी भरलेलं वनकुसवड्याचं पठार दिसलं. पण माझ्या पट्ट्यात पवनचक्क्या एकाच ठिकाणी हायवेला लागून येतात. मी रेडिओवर इंग्रजीत मैल सांगितला, दिशा सांगितली, आणि परत काकांकडे आले. अकरा मिनिटांत डेप्युटी पोचला. नंतर कळलं की मुलगा शुद्धीवर आला होता. पुढचं मला माहीत नाही.

विचारा काय विचारायचं ते. कामाची पाळी नसेल तेव्हा उत्तर देईन.

---

तांबडमाती

ताई, सूर्य डोळ्यांत येत होता हे वाचून अंगावर काटा आला. एक प्रश्न : इथे नोकरीच्या शोधात असलेल्या भाचीला हे काम सुचवावं का?

---

सावळ्या

लेख चांगला आहे, पण मला एक बोलायचं आहे. तीन वर्षांपूर्वी वडील इथे आले असताना त्यांना छातीत दुखायला लागलं. मी ९११ लावला. पलीकडची बाई प्रश्नावर प्रश्न. वय किती, घाम आलाय का, आधी असं झालं होतं का. मी ओरडलो, "आधी गाडी पाठवा!" ती शांतपणे पुढचा प्रश्न. वडील वाचले, पण तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माणूस मरतोय आणि तुम्ही फॉर्म भरताय?

---

रानजाई

सावळ्या, राग येणारच. बहुतेक केंद्रांत फोन घेणारी पत्ता आणि कारण टाइप करते त्या क्षणी ते शेजारच्या रेडिओवाल्याच्या पडद्यावर जातं. तुम्ही ओरडलात तेव्हा गाडी बहुधा निघालेली होती. पुढचे प्रश्न गाडीतल्या लोकांसाठी असतात, आणि तुम्हाला काय करायला सांगायचं ते ठरवण्यासाठी. हे ठरलेले प्रश्न विचारण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीत डॉ. जेफ क्लॉसन यांनी बसवली. त्याआधी फोन घेणारा पत्ता लिहून फोन ठेवून द्यायचा आणि घरातली माणसं नुसती दाराकडे बघत बसायची.

पण चूक तिची होती का, याचं खरं उत्तर : एक वाक्य राहिलं. "गाडी निघाली आहे, माझ्या प्रश्नांमुळे तिला उशीर होत नाही." हे सांगायला तीन सेकंद लागतात, आणि ते सांगायलाच हवं. मी नवीन मुलींना शिकवते तेव्हा या वाक्यावर अडून बसते.

आणि जिथे मी एकटी आहे तिथे खरंच उशीर होतो, हेही लपवत नाही. मला तुम्हाला "लाइनवर थांबा" म्हणून टोन वाजवायला जावं लागतं. ते अर्धं मिनिट तुमच्यासाठी काय असतं याची मला कल्पना आहे. त्याच वेळी दुसरा ९११ वाजत असेल तर तोही घ्यावाच लागतो. ९० टक्के फोन १५ सेकंदांच्या आत उचलले जावेत असं राष्ट्रीय मानक आहे. एका माणसाच्या केंद्रात एका अपघाताचे सहा फोन एकदम आले की ते पाळणं माणसाच्या हातात राहत नाही.

तांबडमाती, भाचीला एक रात्र केंद्रात बसून ऐकू दे. बरीच केंद्रं अर्जदाराला तशी परवानगी देतात. पहाटे चारलाही तिला शांतपणे टाइप करता येत असेल आणि घरी जाऊन झोप लागत असेल, तर जरूर. एक मात्र आधीच सांग. केंद्र सरकारच्या २०१८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात आम्ही पोलिसांच्या आणि अग्निशमनाच्या रांगेत नाही, कार्यालयीन कारकुनी कामाच्या गटात आहोत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. फोनवरून बाळंतपण करवणारी बाई आणि पावत्या फाडणारी बाई, दोघींचं काम प्रामाणिक आहे, पण ते एक नाही.

---

केतकी_ओ

फोनवरून बाळंतपण?? आणि सीपीआर पण फोनवरूनच सांगतात का? माझी सासू हृदयरुग्ण आहे, म्हणून विचारते.

---

रानजाई

हो केतकी. दोनच प्रश्न असतात : शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींना 'नाही' आलं की लगेच छाती दाबायला सुरुवात. फसगत होते ती दुसऱ्या प्रश्नाला. हृदय बंद पडलेला माणूस काही वेळ आचके देतो, घोरल्यासारखा आवाज काढतो. घरचे म्हणतात, "श्वास चालू आहे." तो श्वास नव्हे. मी त्यांना म्हणते, "प्रत्येक वेळी श्वास घेतला की 'आता' म्हणा." दोन 'आता'मधलं अंतर ऐकून मला कळतं.

मग : फोन स्पीकरवर. माणसाला पलंगावरून खाली जमिनीवर, पाठीवर. गादीवर दाब मुरतो. छातीच्या मधोमध एका हाताची टाच, वर दुसरा हात. कोपर सरळ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान दोन इंच खोल. मी मोठ्याने मोजते, तुम्ही माझ्याबरोबर मोठ्याने मोजा. तुम्ही मोजायचं थांबलात की तुम्ही थकलात हे मला कळतं आणि मी घरात दुसरं कुणी आहे का ते विचारते. एका शेतकरी बाईने १९ मिनिटं एकटीने दाबलं, मी १९ मिनिटं मोजलं. घसा बसला होता. ते गृहस्थ गेले. तरी तिने चार महिन्यांनी केंद्रात पाय ठेवला तो माझा हात धरायला.

फासळी मोडेल का म्हणून घाबरू नका. मोडू शकते. दाबत राहा.

---

पाणंद

रानजाई ताई, नमस्कार. मी बीएएमएस, सहा वर्षं १०८ वर डॉक्टर म्हणून आहे, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका तालुक्यात. तुमचं 'कुठे' वाचलं आणि लिहिल्यावाचून राहवेना.

महाराष्ट्रात १०८ सुरू झाली २०१४ च्या जानेवारीत, ९३७ गाड्यांनी. त्यातल्या २३३ प्रगत उपचारांच्या, बाकी ७०४ मूलभूत. आपल्याकडे प्रत्येक गाडीवर डॉक्टर असतो, हे तुमच्याकडच्या वाचकांना माहीत नसेल. पण फोन जातो पुण्याला. तिथल्या मुलीला कॉलर सांगतो, "वडगावला या." आता महाराष्ट्रात वडगावं किती? एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक. पिंपळगावांची गणती नको. म्हणून ती आधी जिल्हा, मग तालुका, मग जवळचं मोठं गाव विचारते, आणि इकडे नातेवाईक म्हणतो, "अहो बाई, इथे जीव चाललाय!" सावळ्यांचा तोच राग.

गाव कळलं तरी वाडी उरते. वाडीत रस्ता असेल तर ठीक. आमच्या हद्दीत अशा वस्त्या आहेत जिथे फोनला रेंज मिळायला माणूस टेकडी चढून येतो. तो टेकडीवर, पेशंट खाली घरात. त्याला मी विचारतो, "पेशंटचा श्वास कसा आहे?" त्याला कसं सांगता येणार? तो पुन्हा खाली जाऊन वर येईपर्यंत अर्धा तास. म्हणून आम्ही पहिलं सांगतो : "पेशंटला डोलीतून डांबरीपर्यंत आणायला लागा, आम्ही डांबरीवर भेटतो." आणि दुसरं : "फाट्यावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा." फाट्यावरच्या त्या बॅटरीवाल्या माणसाची सर कुठल्याच नकाशाला नाही, हे मी सहा वर्षांत शिकलो.

---

रानजाई

डॉक्टर, फाट्यावरचा बॅटरीवाला! आम्हीही रात्री हेच सांगतो : घरातले सगळे दिवे लावा, कुत्रं बांधा, आणि कुणीतरी गाडीचे ब्लिंकर लावून रस्त्याच्या तोंडाशी थांबा. शेतातली घरं रस्त्यापासून पाव-पाव मैल आत असतात. नंबराची पाटी बर्फात गेलेली असते. पाटणला आजोबांना रात्री साप चावला होता तेव्हा माझा चुलता असाच कंदील घेऊन फाट्यावर उभा होता. मी तेव्हा सात वर्षांची होते. हे आज तुमच्यामुळे आठवलं.

---

नकाशेवाला

मी कान्सासमध्ये ९११ चे डिजिटल नकाशे करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून थोडी भर.

लोकांचा समज असतो की मोबाइल आहे म्हणजे केंद्राला जागा आपोआप दिसते. तसं पूर्ण खरं नाही. पहिल्यांदा कळतो तो टॉवर आणि त्याची दिशा. मोकळ्या माळरानात एक टॉवर खूप दूरवर पोचतो, त्यामुळे तो पट्टा प्रचंड असतो. नंतर अक्षांश-रेखांश येतात, पण वेळ लागतो आणि चूक शेकडो मीटरची असू शकते. नवे फोन स्वतःच जीपीएस, वायफाय वगैरे मिळवून जागा पाठवतात, त्याने खूप फरक पडला आहे. तरी घराच्या तळघरात, दरीत, पत्र्याच्या शेडमध्ये गडबड होतेच. दुसरं, काउंटीच्या सीमेजवळ फोन शेजारच्या काउंटीच्या टॉवरला लागतो आणि वेगळ्याच केंद्रात वाजतो. म्हणून काउंटीचं नावही सांगा.

जुना, सिम काढलेला फोन मुलांना खेळायला देऊ नका. इथल्या नियमाप्रमाणे सिम नसलेल्या फोनवरूनही ९११ लागलाच पाहिजे. पण त्याला स्वतःचा नंबर नसतो, केंद्राच्या पडद्यावर ९११ ने सुरू होणारा खोटा नंबर दिसतो आणि त्यावर उलट फोन करता येत नाही. मूल खेळतंय की कुणी खरंच अडकलंय हे कळायला मार्ग राहत नाही.

आणि हॉटेलात राहणाऱ्यांसाठी : २०१३ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या मार्शल इथे हॉटेलच्या खोलीत आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ फिरवला. लागला नाही, कारण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता. त्यावरून करीज् लॉ (करी हे त्या आईचं नाव) हा कायदा झाला, १६ फेब्रुवारी २०२० पासून लागू. त्यानंतर बसवलेल्या यंत्रणांत थेट ९११ लागलाच पाहिजे. जुन्या यंत्रणा अजून असू शकतात. खोलीत शिरल्यावर रिसेप्शनला विचारून ठेवा.

---

रानजाई

१६ फेब्रुवारी ही तारीख आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. पहिला ९११ कॉल झाला तो १६ फेब्रुवारी १९६८ ला, अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्याशा गावात. राज्याच्या विधानसभेचे सभापती रँकिन फाइट यांनी फोन लावला आणि पोलीस स्टेशनात काँग्रेसमन टॉम बेव्हिल यांनी उचलला. स्थानिक टेलिफोन कंपनीने मोठ्या एटी अँड टीच्या आधी मान पटकावला. न्यूयॉर्क-शिकागो नाही, हेलीव्हिल. खेड्यात काम करणाऱ्या मला याचं फार अप्रूप आहे.

---

तळेगावकर_काका

आम्ही दोघं दर वर्षी सहा महिने मुलाकडे मिनेसोटाला असतो. मुलगा-सून कामावर. मला इंग्रजी वाचता येतं, पण फोनवर समोरचं भराभर बोललेलं समजत नाही. सौ.ना तर अजिबात नाही. अशी वेळ आली तर काय करावं? मनात ही भीती नेहमी असते, मुलाला सांगितली नाही.

---

रानजाई

काका, हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. हायवेवरच्या त्या काकांपासून मी याचाच विचार करते आहे.

सौ. काकूंना इंग्रजी यायची गरज नाही. दोनच गोष्टी लागतात. एक, भाषेचं नाव : "मराठी" किंवा "हिंदी", दोन-तीनदा. बहुतेक केंद्रं फोनवरच्या दुभाषा सेवेला जोडलेली असतात. थोडा वेळ गाणं वाजेल, खट्ट आवाज येईल, तरी फोन ठेवायचा नाही. हिंदीचा दुभाषा मराठीपेक्षा बहुधा लवकर मिळतो, म्हणून काकूंना हिंदी येत असेल तर "हिंदी" म्हणा. दोन, पत्ता. मुलाकडून आजच एक कार्ड करून घ्या. घराचा नंबर, रस्ता, गाव, काउंटी, मोठ्या देवनागरी अक्षरांत, उच्चार जसा तसा. नंबर एकेक आकडा सुटा : "फोर, वन, सेव्हन". फ्रिजवर एक, पलंगाजवळ एक, फिरायला जाताना खिशात एक. खाली औषधांची नावं आणि मुलाचा नंबर.

बोलताच आलं नाही, छातीत कळ आली, तरी नंबर लावा आणि फोन तसाच जमिनीवर ठेवा. आम्ही ऐकत राहतो.

आणि भारतात फोन लावताना सुरुवातीचे ०११ राहिले, नुसते ९१ आणि पुढे १ दाबला गेला, तर ९११ लागतो. दिल्लीचा कोडच ११ असल्याने असे फोन नेहमी येतात. तेव्हा घाबरून फोन ठेवू नका. ठेवलात तर आम्ही उलट फोन करतो, तो नाही उचलला तर दाराशी पोलीस पाठवावा लागतो. नुसतं "मिस्टेक, नो प्रॉब्लेम" म्हणा. कुणी रागावत नाही.

---

सावळ्या

रानजाई, "गाडी निघाली आहे" हे वाक्य मला त्या दिवशी ऐकू आलं नसेल, असंही असू शकतं. मी खूप ओरडत होतो. कार्डाचं वडिलांना सांगतो, ते पुढच्या महिन्यात येतायत.

---

इंद्रायणीकाठ

ताई, २०२० च्या त्या वादळात तू कामावर होतीस का? आमचे सीडर रॅपिड्सचे मित्र अजून त्याविषयी बोलतात.

---

रानजाई

होते. १० ऑगस्ट, सोमवार, भर दुपार. त्याला डेरेचो म्हणतात, सरळ रेषेत मैलोन्मैल धावणारं वादळ. सीडर रॅपिड्सला वाऱ्याचा वेग ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज हवामान खात्याने नंतर दिला. मी भोंगे वाजवले. पहिली काही मिनिटं फोन थांबेनात, झाडं, तारा, उलटलेले ट्रक. आणि मग ते एकदम बंद झाले. बोर्डवर एकही दिवा नाही. टॉवर गेले होते, वीज गेली होती.

लोकांना वाटतं आम्हाला फोनची धास्ती असते. त्या दुपारी मला कळलं की धास्ती न वाजणाऱ्या फोनची असते. बाहेर माणसं अडकलेली आहेत हे मला माहीत होतं आणि एकही सांगू शकत नव्हता. शेवटी रेडिओ उरला. स्वयंसेवकांना म्हटलं, घरं वाटून घ्या, मैलाचा एकेक चौकोन, प्रत्येक दार ठोठवा. मी माझी वही उघडली आणि कुणाच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे, कोण एकटं राहतं, ते आठवून आठवून रेडिओवर सांगत गेले. रात्री नऊपर्यंत बहुतेक दारं ठोठावून झाली होती. मक्याची शेतं चटईसारखी आडवी झाली होती, बिन कागदाच्या पुड्यांसारखे चुरगळले होते. आमच्या काउंटीत माणूस एकही गेला नाही.

---

पाणंद

"प्रत्येक दार ठोठवा." २०२१ च्या जुलैच्या पावसात आमच्याकडे दरडी आल्या तेव्हा रेंज गेली होती. सरपंच, आशाताई आणि आम्ही, असंच वाड्या वाटून फिरलो. आशाताईला कुठल्या घरात कितवा महिना चालू आहे ते पाठ होतं. ताई, तुमच्या त्या वहीत नेमकं काय काय लिहिता? मला इथे तशी एक सुरू करायची आहे.

---

रानजाई

डॉक्टर, डाव्या पानावर रस्ता, उजव्या पानावर घरं. रस्त्यापुढे : कुठला पूल जड गाडी पेलत नाही, पावसात कुठे पाणी येतं, हेलिकॉप्टर उतरायला साधारण १०० फूट लांब-रुंद मोकळी, तारा नसलेली जागा कुठे. घरांपुढे : जुनं नाव, लोक तोंडी काय म्हणतात ते, कुत्रं, दाराला पायऱ्या किती (स्ट्रेचरसाठी), कोण बहिरं आहे. आजाराचं काही लिहीत नाही, ते डोक्यात. पेन्सिलने लिहा, घरं बदलतात. आणि वाडीला शेजारची वाडी काय नावाने हाक मारते तेही लिहा, फोन पुष्कळदा शेजारी करतात.

तळेगावकर काका, कार्ड झालं की काकूंकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. घड्याळ लावून नाही, सावकाश.

आज सहाची पाळी आहे आणि बाहेर बर्फ सुरू झालाय. उरलेल्यांना परवा उत्तर देते.